तळमजला कुठला, पहिला मजला कुठला?

या महिन्याच्या टपालात ‘फॉरेनला कसं असतं?’ हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत अकरा जणांनी विचारलाय. फॉरेन म्हणजे नेमकं कुठलं, ते पत्राच्या शेवटी कुठेतरी एका ओळीत सापडतं. आपली पहिली चूक तिथेच होते असं मला वाटतं. इंग्लंड काय आणि अमेरिका काय, दोन्हीकडे इंग्रजी बोलतात म्हणून आपण दोघांना एकाच पिशवीत घालतो. मुंबईचं तर असं, की आपल्या निम्म्या सवयी साहेबाच्या वेळच्या आणि बाकीच्यांतल्या बऱ्याच अमेरिकेकडून आलेल्या. कुठली कुठून आली, हे आपल्यालाच ठाऊक नसतं.

हे सदर नव्यानं वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी गिरगावात राहते. फोर्टमधल्या एका बँकेच्या परकीय चलन विभागात तेहतीस वर्षं नोकरी केली. लेक न्यू जर्सीत एडिसनला, मुलगा लंडनला हॅरोमध्ये. गेली अठरा वर्षं एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे अशी माझी वारी चालू आहे. इथे जे लिहिते ते त्या दोन स्वयंपाकघरांत उभं राहून पाहिलेलं.

दोन वर्षांपूर्वी सुनेच्या बाळंतपणाला मँचेस्टरला चार महिने राहून आले. आता लेकीला दिवस गेलेत, ती डॅलसला असते. तेव्हाची सामानाची यादी जपून ठेवलीय. तीच वापरू का?
*डोंबिवलीच्या एक आई*

ताई, यादी जपलीत हे फार बरं केलंत, पण डॅलससाठी ती जवळजवळ नव्यानं करावी लागेल. आणि तिच्यातली पहिली ओळ लाडवांची नाही, तारखांची.

मँचेस्टरला तुमच्या सुनेला वर्षभर घरी राहता आलं असेल. तिथला कायदा बाळंतिणीला ५२ आठवडे रजा देतो आणि त्यातल्या ३९ आठवड्यांना काही ना काही पगार मिळतो. अमेरिकेत १९९३ च्या कायद्यानं मिळते ती १२ आठवड्यांची रजा. तीही बिनपगारी, आणि कंपनीत पन्नास किंवा जास्त माणसं असतील, लेकीची तिथे वर्षभर नोकरी झाली असेल, तरच. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी अशा काही राज्यांनी पगारी रजेचा स्वतःचा कायदा केलाय, टेक्सास त्यांत नाही. पुष्कळ कंपन्या आपणहून जास्त देतात, म्हणून लेकीला आजच विचारा, तू कामावर परत कधी जाणार? तुमचा मुक्काम त्या तारखेच्या पुढेही महिना-दीड महिना राहिला पाहिजे.

हे मी इतकं आग्रहानं सांगते त्याला कारण आहे. माझ्या लेकीच्या वेळी मी आठवा लागताच जाऊन पोचले. दोन महिने नुसत्या भाज्या निवडत आणि दुपटी शिवत बसले. मग बाळ झालं, रजेला साठवलेली सुट्टी जोडून तिनं कसेबसे चार महिने काढले, आणि ती ऑफिसला जायला लागली त्याच आठवड्यात माझं परतीचं तिकीट होतं. चार महिन्यांचं लेकरू पाळणाघरात ठेवून ती मला विमानतळावर सोडायला आली. बोलली काही नाही, माझ्या शालीचं टोक मात्र गेटपर्यंत धरून होती. तुम्ही असं करू नका. अगदी दिवस भरताना पोचा आणि उशिरा निघा.

मँचेस्टरला मिडवाइफ, म्हणजे शिकलेली सुईणच, घरी आली असेल. मग हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळाची तब्येत बघायला येणारी नर्स, आली असेल, आणि बाळाची वजनं नि लशी लिहायचं ते लाल पुस्तक तुम्ही पाहिलं असेल. डॅलसला यातलं कुणी दारात येईल असं धरून चालू नका. नेहमीच्या बाळंतपणाला ४८ तास आणि सिझेरियनला ९६ तास हॉस्पिटलात राहण्याचा खर्च विम्यानं सोसायचा, असा तिथे १९९६ चा कायदा आहे. त्यानंतर दोन-तीन दिवसांत बाळाला दुपट्यात गुंडाळून तुम्हीच बालरोगतज्ज्ञाकडे न्यायचं. तो डॉक्टर आधीच ठरवून ठेवावा लागतो. नोकरीतल्या विम्यात बाळाचं नाव ३० दिवसांच्या आत घालायचं असतं, ते जावईबापूंना दोनदा सांगा. रात्रीच्या जागरणात राहून जातं. नंतर पाकिटं यायला लागतात. हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं, भूल देणाऱ्याचं वेगळं, बाळाच्या नावाचं वेगळं. विमा कंपनीच्या कागदावर मोठाले आकडे असतात आणि वर ‘हे बिल नाही’ असं छापलेलं असतं. ते नीट वाचा, घाबरून लगेच पैसे भरू नका, सगळे कागद एका फायलीला लावत जा.

आता सामान. मिक्सर नेऊ नका. आपल्या भिंतीतली तीन गोल भोकं ही खरं तर जुनी विलायती पद्धत. त्यांनी १९४७ साली चपट्या पिनांचं नवं मानक आणलं, आपण गोल पिनांवरच राहिलो. वीज मात्र दोन्हीकडे २३० व्होल्टचीच, म्हणून मँचेस्टरला नुसता अडॅप्टर लावून तुमचा मिक्सर गरगरला. अमेरिकेत भिंतीतून १२० व्होल्टच येतात. तिथे आपला मिक्सर ओल्या खोबऱ्याचीही चटणी वाटणार नाही. तिथल्या विजेवर चालणारे मिक्सर भारतीय दुकानांत मिळतात, लेकीला आधीच घेऊन ठेवायला सांगा. कुकर जरूर न्या, वर दोन रिंगा आणि एक शिट्टी जादा.

थर्मामीटर आपलाच न्या. मँचेस्टरला तुम्हाला तापाचे आकडे कळायला त्रास झाला असेल, कारण ते ताप सेल्सियसमध्ये मोजतात. अमेरिकेत आपल्यासारखंच, फॅरनहाइट. मला याचं फार नवल वाटतं. ताप मोजताना मुंबई अमेरिकेच्या बाजूला आणि बाहेर उकाडा किती ते सांगताना इंग्लंडच्या बाजूला. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला तर थांबायचं नाही, डॉक्टरला फोन करायचा, हा आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवा. बाळाचं वजन मात्र तिथे पौंड-औंसात सांगतील. सात पौंड म्हणजे साधारण ३ किलो २०० ग्रॅम. दुधाच्या बाटलीवरही औंस असतात, एक औंस म्हणजे ३० मिलिलिटर धरा.

औषधांत एक गोष्ट जिवाशी आहे म्हणून ठळक सांगते. आपण आणि इंग्रज जिला पॅरासिटामॉल म्हणतो, तिलाच अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात, आणि टायलेनॉल नावानं ती घरोघरी असते. म्हणजे पिशवीतली आपली एक गोळी आणि लेकीच्या कपाटातली एक गोळी घेतली, तर एकच औषध दोनदा घेतलं. इंग्लंडमधल्या सुपरमार्केटात १६ गोळ्यांचंच पाकीट मिळतं, मुद्दाम मर्यादा घातलेली आहे. अमेरिकेत शेकड्यांनी गोळ्यांची बरणी मिळते, म्हणून हिशेब आपला आपणच ठेवायचा.

डिंकाच्या लाडवांबद्दल पत्रात तुम्ही दोन ओळी खोडून पुन्हा लिहिल्यात, त्यावरून जीव कशात आहे ते कळलं. इंग्लंडमध्ये भारतातून दूध-दुभतं आणि मांस न्यायला बंदी आहे, तेव्हाही पेढे घरीच राहिले असतील. अमेरिकेतही तपासणी कडक असते. खाण्याचं जे काही नेलं असेल ते अधिकाऱ्याला सरळ सांगायचं, लपवलेलं सापडलं तर दंड होतो. मी म्हणेन लाडू तिथेच वळा. डिंक, खारीक, अळीव तिथल्या भारतीय दुकानांत मिळतात. दुकान गुजराती माणसाचं असेल तर अळिवाला असाळियो म्हणा, लगेच काढून देतील. लेकीच्या ओट्यावर, तिच्यासमोर परातीत लाडू वळले की घरभर जो वास सुटतो, तो डब्यातून नेता येत नाही.

आणि एक, हे दोन्हीकडे सारखं. फोडणी करताना स्वयंपाकघराचं दार लावा, पंखा आधी सुरू करा. हॅरोला पहिल्याच दिवशी मी आमटीला मोहरी, हिंग आणि दोन सुक्या मिरच्या टाकल्या. मिरची काळी पडायच्या आत छतावरचा धुराचा भोंगा असा कोकलला की शेजारीण धावत आली. मुलगा खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालत होता. बाळ नुकतं निजलेलं असताना असं व्हायला नको.

मी ऐरोलीला एका आयटी कंपनीत आहे. एक क्लायंट लंडनचा, एक शिकागोचा. लंडनच्या मॅडम माझ्या रिपोर्टला ‘क्वाइट गुड’ म्हणाल्या. मी खूश होऊन टीमला वडापाव खिलवला. महिन्याभरानं ते काम दुसऱ्याकडे गेलं. शिकागोचे साहेब ‘क्वाइट गुड’ म्हणाले तेव्हा मात्र खरंच कौतुक झालं. मावशी, माझं कुठे चुकलं?
*विक्रोळीचा एक तरुण*

बाळा, तुझ्या कामात खोट होती की नाही ते मला इथून कळणार नाही, पण शब्दानं तुला फसवलं हे नक्की. सासूबाई आमटी चाखून ‘बरी झालीय’ म्हणतात ना, इंग्रजाचं ‘क्वाइट गुड’ ते आहे. चाललं, पण मजा नाही आली. अमेरिकन माणूस तोच शब्द ‘फारच’ या अर्थानं वापरतो. उलट इंग्रज ‘नॉट बॅड’ म्हणाला तर घरी फोन करून सांग, ती खरी शाबासकी. त्यानं ‘इंटरेस्टिंग’ म्हटलं की बहुतेक वेळा त्याला पटलेलं नसतं, आणि ‘आय विल बेअर इट इन माइंड’ म्हटलं की विषय संपला. यात कपट अजिबात नाही. समोरच्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही, एवढंच त्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. आपल्या घरांतही ‘बघू’ म्हणजे काय, ते आपल्याला कळतंच. लंडनच्या मॅडमना पुढच्या वेळी असं विचार, ‘यात दोन गोष्टी बदलायच्या झाल्या तर कुठल्या?’ नेमकं विचारलं की त्या नेमकं सांगतील.

याहून घातक एक शब्द आहे, ‘टेबल’. इंग्रज ‘लेट्स टेबल धिस’ म्हणाला तर हा विषय आत्ता चर्चेला घेऊ. अमेरिकन तेच म्हणाला तर हा विषय आता बाजूला ठेवू. अगदी उलट. आपली बाजू कुठली हे लक्षात ठेवायला सोपं आहे. विधानसभेत कागद ‘पटलावर ठेवतात’, म्हणजे सर्वांसमोर मांडतात. मराठी इथे इंग्रजांच्या अर्थाबरोबर आहे. तेव्हा शिकागोच्या मीटिंगमध्ये हा शब्द आला की वही मिटायची, लंडनच्या मीटिंगमध्ये आला की उघडायची.

तारखा मात्र कधीच नुसत्या आकड्यांत लिहू नकोस. मी नोकरीत असताना न्यू यॉर्कहून आलेल्या एका पत्रात शेवटची तारीख ०६/०७ अशी टाइप केलेली होती. माल लोअर परळच्या एका शर्टवाल्याचा. आम्ही ती ६ जुलै समजलो आणि फाईल खालच्या खणात ठेवली. ती ७ जून होती. अमेरिकेत महिना आधी लिहितात. मुदत उलटली, गिऱ्हाइकानं अडून सूट मागितली, आणि त्या शर्टवाल्यानं आमच्या टेबलापाशी उभं राहून, एक शब्द न बोलता, कमी किमतीच्या कागदावर सही केली. चूक आमच्या विभागाची होती आणि भुर्दंड त्याला पडला. त्या दिवसापासून मी महिना अक्षरांत लिहिते, दुधाच्या हिशेबातसुद्धा.

घड्याळाचंही बघ. लंडन आपल्या मागे हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. शिकागो साडेअकरा आणि साडेदहा. घोटाळा अधल्यामधल्या दिवसांत होतो. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, इंग्लंड मार्चच्या शेवटच्या रविवारी. मागे घेताना इंग्लंड ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. त्या आठवड्यांत तिघांचा एकत्र कॉल असेल तर आदल्या दिवशी पुन्हा विचारून घे. आणि लंडनची माणसं ‘हाफ सेव्हन’ म्हणाली तर ते साडेसात, साडेसहा नव्हे.

मे महिन्यात आम्ही दोघं आधी लंडन, मग न्यू यॉर्क असं फिरणार आहोत. टिप किती द्यायची? आणि न्यू यॉर्कला दुकानात पाटीवर एक किंमत आणि काउंटरवर दुसरी, असं ऐकलंय ते खरं का?
*विलेपार्ल्याचं निवृत्त जोडपं*

खरं आहे, आणि त्यात लबाडी नाही. पाटीवरच्या किमतीत कर धरलेला नसतो, तो काउंटरवर लावतात. वरच्या तरुणाच्या प्रश्नाचीच ही दुसरी बाजू आहे. माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा, की अमेरिकेत माणूस पुरतं बोलतो आणि किंमत अर्धी लिहितात, इंग्लंडमध्ये किंमत पुरती लिहितात आणि माणूस अर्धं बोलतो.

लंडनच्या हॉटेलात मेनूवर २० पौंड असतील तर २० टक्के व्हॅट त्यातच आला, आपल्या एमआरपीसारखा. वर बिलात बहुधा साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला असतो, म्हणजे साडेबावीस पौंड झाले. तो लावला असेल तर वेगळी टिप द्यायची नाही. सेवा खरोखर वाईट असेल तर तो काढून टाका असं सांगता येतं. तो पैसा नोकरांपर्यंत पुरा पोचलाच पाहिजे असा कायदा ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालाय. पबमध्ये काउंटरवर जाऊन स्वतः मागायचं, पैसे द्यायचे, टिप नाही.

न्यू यॉर्कच्या मेनूवर २० डॉलर असतील तर वर ८.८७५ टक्के कर, म्हणजे पावणेदोन डॉलरच्या वर. त्यावर १८ ते २० टक्के टिप, म्हणजे आणखी चारेक. वीसचे जवळपास सव्वीस होतात. टिप ऐच्छिक म्हणतात, पण ती टाळू नका, ही माझी कळकळीची विनंती. केंद्राच्या कायद्यानं टिप मिळणाऱ्या नोकराला मालकानं तासाला किमान २.१३ डॉलर द्यायचे, आणि हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. पुष्कळ राज्यांत तो जास्त आहे, न्यू यॉर्कमध्येही, पण रीत तीच. त्या पोरीचा पगार तुमच्या टेबलावरून निघतो. आपली काही मंडळी ‘आमच्याकडे नसतं’ म्हणून दहाची नोटही न ठेवता उठतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. बजेट करताना प्रत्येक जेवणाला तिसरा हिस्सा वर धरा, मग हात आखडणार नाही.

रस्ता ओलांडताना लंडनमध्ये आपली उजवीकडे आधी बघायची सवय कामाला येते, तिथे डांबरावर तसं लिहिलेलंही असतं. न्यू यॉर्कला आधी डावीकडे. पहिले दोन दिवस काकांचा हात धरूनच ओलांडा.

मी घरून केकच्या ऑर्डरी घेते. इंटरनेटवरच्या रेसिप्या तंतोतंत करूनही काही केक बसतात, काही वाळूसारखे होतात.
*ठाण्याच्या एक ताई*

रेसिपी कुठल्या देशाची ते आधी ओळखा. ग्रॅम दिसले तर बहुधा इंग्लंडची, कप दिसले तर अमेरिकेची. अमेरिकन कप साधारण २४० मिलिलिटरचा, आपल्या चहाच्या कपानं मोजलं की बिघडलंच. त्यांची लोण्याची ‘स्टिक’ म्हणजे ११३ ग्रॅम. भट्टी ३५० सांगितली असेल तर ते फॅरनहाइट, आपली १८० ची खूण.

तुमच्या वाळूचं कारण मला कॉर्नफ्लोअर वाटतं. आपलं आणि इंग्रजांचं कॉर्नफ्लोअर म्हणजे ती पांढरी, बोटांत करकरणारी पूड. तिला अमेरिकेत कॉर्नस्टार्च म्हणतात, आणि अमेरिकन ‘कॉर्न फ्लोअर’ म्हणजे बारीक दळलेलं मक्याचं पीठ. त्यांचं ‘ऑल पर्पज’ आणि इंग्रजांचं ‘प्लेन’ दोन्ही मैदाच. ‘सेल्फ रेझिंग’मध्ये बेकिंग पावडर आधीच घातलेली असते, अमेरिकेतल्या पिठात मीठही असतं, तेव्हा वरून पुन्हा घालू नका.

मुलानं निबंधात ‘कलर’च्या स्पेलिंगमध्ये यू लिहिला नाही म्हणून बाईंनी मार्क कापले. फोन तर बिनयूचंच दाखवतो.
*लालबागच्या एक आई*

बाई बरोबर आहेत. आपल्या शाळा इंग्लंडचं स्पेलिंग चालवतात. यू गाळायची पद्धत नोआ वेब्स्टर या अमेरिकन शिक्षकानं आपल्या शब्दकोशांतून रुजवली, त्यातला मोठा कोश १८२८ चा. फोनच्या कीबोर्डची भाषा ब्रिटिश किंवा भारतीय इंग्रजी करून द्या, निम्मा प्रश्न सुटेल. पण ‘ऑर्गनाइझ’मध्ये झेड लिहिला म्हणून कापले असतील, तर ऑक्सफर्डचा कोश उघडून बाईंना शांतपणे दाखवा. तो झेड अमेरिकन नाही, ऑक्सफर्डवाले स्वतः तसाच लिहितात.

मध्य रेल्वेत मोटरमन होतो. वय ७१. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगा लेस्टरला, मुलगी अटलांटाजवळ. दोघंही बोलावतात. गुडघे दुखतात. एकटेपण कुठे कमी वाटेल, ते खरं सांगा.
*मुलुंडचे एक आजोबा*

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आमचे हे गेले त्या वर्षी मी नोव्हेंबरात हॅरोला गेले. सगळ्यांनी सांगितलं होतं, मुलाकडे जा, बरं वाटेल. डिसेंबरात तिथे चारच्या आत दिवस मावळतो. मुलगा-सून सहाला यायची. मधले दोन तास मी खिडकीशी दिवा न लावता बसायचे. माणसाचं दुःख त्या अंधारात दुप्पट होतं. तोच देश जूनमध्ये असा, की रात्री नऊ वाजता अंगणात बसून पेपर वाचावा. म्हणून माझं पहिलं सांगणं महिन्याचं आहे. लेस्टरला जायचं तर एप्रिलमध्ये जा आणि गणपतीला मुलुंडला परत या. लेकीकडे नंतर, थंडीत जा. अटलांटाचा हिवाळा त्या मानानं सौम्य असतो आणि दिवस बराच मोठा.

दुसरं, पायांचं. इंग्लंडच्या गावात दुकान, वाचनालय, बस, दवाखाना हे सहसा चालत जाण्यासारखं असतं. हॅरोला मला वाचनालयानंच सावरलं. तिथे गुजराती पुस्तकांचं एक कपाट होतं आणि त्यापाशी रोज अकराला जमणाऱ्या चार बायका. लेस्टरमध्ये तर आपल्या देशाची माणसं इतकी आहेत की बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीला दिवे बघायला हजारोंनी लोक जमतात. अमेरिकेच्या उपनगरात घर मोठं, उजेड भरपूर, शेजारी हसून हात करणारे, पण सकाळी आठला लेकीची गाडी गेली की दूध आणायलाही पाय उपयोगाचे नाहीत. एडिसनला ओक ट्री रोडवर सगळी भारतीय दुकानं आहेत, पण लेकीच्या घरून मी तिथे शनिवारीच जायची, ती नेईल तेव्हा. म्हणून अटलांटाला जाण्याआधी लेकीला तिथल्या मराठी मंडळाची चौकशी करायला सांगा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे आणि उत्तर अमेरिकेतल्या मंडळांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. शनिवार-रविवारी गाडीनं न्यायला येणारी माणसं त्यांच्यातच भेटतात.

आता खास तुमच्यासाठी. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी गेली ती तुमच्या मुलुंडवरूनच, हे मी तुम्हाला काय सांगणार. पण लेस्टरच्या उत्तर टोकाहून लफबरोपर्यंत ग्रेट सेंट्रल रेल्वे नावाची जुनी, दुहेरी रुळांची लाईन आहे. तिच्यावर आजही वाफेची इंजिनं चालतात आणि काम बहुतेक स्वयंसेवकच करतात, त्यांत तुमच्या-माझ्या वयाची माणसं पुष्कळ. मुलाला सांगा, एका रविवारी सोडून ये. तुम्ही मोटरमन होतात हे कळलं की ती माणसं तुम्हाला लवकर सोडणार नाहीत. यॉर्कचं रेल्वे संग्रहालयही बघा, तिथे तिकीट नाही. अटलांटाला ही अपेक्षा ठेवू नका. तिथून लांबची गाडी दिवसाला न्यू यॉर्ककडे एक आणि न्यू ऑर्लिन्सकडे एक, एवढीच.

विमा दोन्हीकडे काढूनच निघा. इंग्लंडमध्ये औषधोपचार फुकट, हे आपण तिथे राहणाऱ्यांबद्दल ऐकलेलं असतं. पाहुण्याला हॉस्पिटलात ठेवलं तर ठरलेल्या दराच्या दीडपट बिल येतं.

आणि गुडघे. मुलगा फोनवर ‘खोली फर्स्ट फ्लोअरला आहे’ म्हणाला तर ती आपल्यासारखी, जिना चढून वर. लेक ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणाली तर तो आपला तळमजला, एकही पायरी नाही. तिचा ‘सेकंड फ्लोअर’ म्हणजे आपला पहिला मजला. इंग्लंडच्या जुन्या घरांत खाली बसायची खोली आणि स्वयंपाकघर, नि न्हाणीघर-संडास फक्त वर, असं पुष्कळदा असतं. रात्री तीनदा उठणाऱ्या माणसाला ते जिने फार होतात. तिकीट काढण्याआधी दोघांनाही फोन करून विचारा, माझी खोली जिन्याच्या किती पायऱ्या चढून आहे, आणि त्याच मजल्यावर संडास आहे का. मजल्याचा नंबर विचारू नका, पायऱ्या मोजून सांगायला सांगा.